व्याह्यांचं पान

भावी व्याह्यांना गाव आणि सण एकाच दिवसात दाखवायचे, आणि तो दिवस नेमका सर्वपित्री अमावास्येचा निघावा, यात हेमंत सबनीसांचा दोष एवढाच की त्यांनी कॅलेंडर उशिरा पाहिलं. तोवर विमानाचं तिकीट निघालं होतं.

व्याही हॉलंडचे. नाव हेंड्रिक. सबनीसांची चैत्राली तिकडे नोकरीला होती आणि तिला त्यांच्या रूबेनशी लग्न करायचं होतं. रूबेन बापाच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि बापाने अजून शब्दच दिला नव्हता. मुलीची माणसं कुठून येतात ते बघून सांगतो, एवढं बोलून तो भारताच्या विमानात बसला होता.

"बाबा, त्यांना फ्लॅट दाखवू नका," चैत्रालीने फोनवर बजावलं. "फ्लॅट त्यांच्याकडेही असतात. गाव दाखवा. एखादा सण दाखवा. ते खूश झाले की झालं. आणि प्लीज, जास्त बोलू नका."

शेवटचं वाक्य हेमंतरावांना लागलं. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या माणसाचं निम्मं काम बोलण्याचंच असतं. पण त्याहून मोठी अडचण होती. सबनीसांना गाव नव्हतं. भाड्याच्या खोलीतून बदलापुरातल्या कात्रपच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचण्यात त्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या होत्या. तरीही एका व्हिडिओ कॉलवर, बोलण्याच्या ओघात, "आमचं गाव इथून अगदी जवळ आहे" असं ते बोलून बसले होते. आता गाव उसनं आणणं भाग होतं.

बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी पदू मोकाशी त्याच संध्याकाळी वर आला.

"पक्षपंधरवड्यात सोयरीक? हेमंत, अरे या दिवसांत लोक नवी चप्पल घेत नाहीत."

"सोयरीक नाही. पर्यटन आहे."

"तिकडच्या मंडळींना चालत असेल. वरच्या मंडळींना चालायला नको?" असं म्हणून पदूने छताकडे बोट केलं. वरच्या मजल्यावर देशमाने राहत होते. पण पदूला ते अभिप्रेत नसावेत.

मग त्याने खिशातून नियम काढला. परदेशी पाहुणा मुक्कामाला असेल तर सोसायटीला अर्ज आणि पोलिसांना ऑनलाइन माहिती. ऑनलाइन माहितीत यजमानाचा प्रकार विचारला होता: हॉटेल, लॉज, धर्मशाळा. हेमंतरावांच्या पत्नी शलाकाताई म्हणाल्या, तुमच्या भावाचं येणंजाणं बघता धर्मशाळा लिहा. पदूच्या अर्जात मात्र एकच प्रश्न होता. पाहुणे किती? हेमंतरावांनी ठसठशीत अक्षरात 'एक' लिहिलं आणि खाली सही केली.

गावाचा प्रश्न संतोषने सोडवला. संतोष त्यांच्याच कारखान्यात पॅकिंगला होता. धरणामागच्या कोंढेपाड्याचा. धरणाचं पाणी वाढवलं तेव्हा जुना पाडा खाली बुडाला आणि माणसं वरच्या उतारावर आली.

"अमावास्येला तुमच्याकडे सणासारखं काही असतं का रे?" हेमंतरावांनी विचारलं.

"सण म्हंजे..." संतोष घुटमळला. "जेवान असतं, साहेब. मोठं असतं. पण बसाया मानूस गावत नाय. औंदा पाड्यात कोनीच तयार नाय."

हेमंतरावांच्या डोळ्यांपुढे भरलेलं ताट आणि रिकामा पाट आला. खेड्यातलं आदरातिथ्य असं वाया जावं, हे त्यांना बघवेना.

"आम्ही येतो ना! माझे व्याही बसतील."

"खरंच बसतील?" संतोषने त्यांचा हातच धरला. "वय काय त्यांचं?"

"सत्तरी उलटली."

"मंग तर बरोबरच हाय," संतोष म्हणाला, आणि डोळे पुसत पॅकिंगकडे गेला. पाहुण्याचं वय कशाला विचारलं असेल, हा प्रश्न हेमंतरावांना पडायला हवा होता. पण ते तेव्हा स्वतःच्या मोठेपणाने भारावले होते.

पाहुण्याला साजेसे कपडे हवेत म्हणून ते उल्हासनगरला गेले. दुकानदार मोटूमलने माप ऐकून गल्ल्यावरूनच हात जोडले. "साईं, इतना लंबा आदमी? और श्राद्ध में कौन नया कपडा लेता है? आजकल तो सिर्फ सफेद धोती-टोपी जाता है, वो भी..."  हेमंतरावांना मात्र धोतर-टोपीची कल्पना आवडली. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. अस्सल. मोटूमलने सामान बांधून दिलं आणि ते गेल्यावर गल्ल्याला अगरबत्ती ओवाळली.

हेंड्रिक आदल्या संध्याकाळी आले. दारातून वाकून आत शिरावं लागेल इतके उंच, चेहरा पिठासारखा पांढरा, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. बोलायचं झालं तर ते फोनमध्ये काहीतरी पुटपुटायचे आणि फोनमधली बाई मराठीत म्हणायची, "पोहे चांगले आहेत." पोहे त्यांनी चमच्याने खाल्ले. उजव्या हाताने. ही गोष्ट शलाकाताईंनी पाहिली होती आणि पुढे त्यांनी ती अनेकदा सांगितली.

सकाळी भाड्याच्या गाडीतून तिघे निघाले. बदलापूर मागे पडलं, इमारती संपल्या, झाडी दाटली, आणि एका वळणावर फोनमधली बाई "पाऊस पडेल का" एवढं विचारून गप्प झाली ती झालीच. रेंज गेली होती.

कोंढेपाडा उतारावर होता. खाली धरणाचं पाणी, काठोकाठ, अजिबात न हलणारं. हेमंतरावांनी स्वागताला ढोल, निदान पोरांचा गोंगाट तरी धरला होता. तिथे आवाजच नव्हता. पांढऱ्या धोतर-टोपीतले हेंड्रिक गाडीतून उतरले तशा ओसरीवरच्या बाया उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर पुढे ओढले. एक म्हातारा खाटेवरून उठला, हात जोडले आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

"लाजाळू असतात," हेमंतराव व्याह्यांना इंग्रजीत म्हणाले. व्याही पाण्याकडे बघत होते.

संतोषच्या घरापुढे त्याची आई कौसाबाई तांब्या घेऊन उभी होती. तिने हेंड्रिकचे पाय धुतले, पदराने पुसले, कपाळाला गंध लावलं. मग मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सुनेला म्हणाली, "उंचीला जास्ती हाय. पन चालंल."

हेमंतरावांनी हे सगळं फोनमध्ये टिपलं. पाय धुऊन स्वागत! चैत्रालीला हेच हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या पायांकडे मात्र कुणी बघितलं नाही, आणि त्यांच्यापुढे तांब्या नुसता ठेवून दिला, तेव्हा त्यांना थोडं वाईट वाटलं.

आत एकच पाट होता. एकच पान. तोंड दक्षिणेला. भात, वरण, खीर, वडे, अळूचं फदफदं, भोपळा, आणि या सगळ्याला न शोभणारी सुक्या बोंबलाची चटणी. हेमंतराव दुसरा पाट शोधत असताना शलाकाताई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाहेर या."

"अगं, फोटो..."

"बाहेर या म्हणते ना!"

ओसरीवर त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. संतोषच्या बायकोने, कुंदाने, वडे तळता तळता सहज सांगितलं होतं. आज जो पाटावर बसतो तो पाहुणा नसतो. घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या नावाने जिवंत माणूस बसवायचा, त्याला पोटभर वाढायचं आणि वाटेला लावायचं. त्याला पितर म्हणतात. हे पान कुंदाच्या सासऱ्यांचं, नाथाचं.

"आपण गच्चीवर पान ठेवतो तसंच ना?" हेमंतरावांनी धीर धरून विचारलं.

"आपण कावळ्याला ठेवतो. यांनी तुमच्या व्याह्यांना ठेवलंय."

"मग गावातलं कुणी का नाही बसत?"

"गेल्या वर्षी बसला होता तो माणूस ताटावरून उठून नाथाच्या आवाजात एक म्हैस विकल्याचा जाब विचारत सुटला, म्हणे."

हेमंतराव कारखान्यात असे पेच सोडवत असत. माल चुकीचा आला तर परत पाठवायचा. पण पानावर बसलेला माणूस परत कसा पाठवायचा? आणि व्याह्यांना काय सांगायचं? की तुम्हाला गाव दाखवायला आणलं आणि मेलेल्या माणसाच्या जागी बसवलं? त्यानंतर तो बाप हो कसला म्हणतो! चैत्रालीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांनी ठरवलं: गप्प राहायचं. जेवण होईल, निघून जाऊ. रेंज नाही, हे उपकारच झाले.

ते आत आले तेव्हा हेंड्रिक जेवत होते. मांडी घालून. डाव्या हाताने.

"शू! राइट हँड!" हेमंतराव कुजबुजले. कौसाबाईने त्यांच्याकडे रागाने बघितलं.

"त्यांना नका शिकवू. डावखुरंच व्हतं आमचं मानूस."

हेंड्रिकनी अळूचा घास घेतला आणि थांबले. मग मागे न बघता डावा हात मागे नेला. भिंतीत कोनाडा होता, त्यात ओळीने डबे होते. हात कोपऱ्यातल्या डब्यावर पडला, त्यांनी तो पुढे घेतला, उघडला आणि अळूवर चिमूटभर मीठ टाकलं. डबा पुन्हा जागेवर.

 चुलीतलं लाकूड फुटलं.

"मुद्दामच कमी घातलंवतं," कौसाबाई हळूच म्हणाली. "बघाया."

मग ती त्यांच्यासमोर बसली आणि भांडायला लागली. मोठ्याने नाही. शेजारीण नळावर बोलते तशी.

"तीन वर्सं मागल्या दारी उभं राहता. रातीची भांडी पाडता. म्हशीला भिववता. घर बुडालं ते काय मी बुडवलं? सगळी वर आली तरी तुमी नाय हलला. उचलून आनलं, तर ह्या घरात एक दिस नीट जेवला नाय. आता जेवा. आन जावा. मला बी झोप पायजे."

हेंड्रिक मान खाली घालून ऐकत होते. संसार केलेला कुठलाही पुरुष ऐकतो तसे. हेमंतरावांना स्वतःच्या घरची आठवण झाली आणि भीती काही क्षण मागे पडली.

बाहेर पत्र्यावर पान ठेवलं होतं. तीन वर्षं त्याला कावळा शिवला नव्हता. संतोष सांगत होता, शेवटी दर वेळी दर्भाचा कावळा करून भागवावं लागायचं. आज पान ठेवून तो खाली उतरतो तोच कावळा आला, नीट बसला आणि वडा घेऊन गेला. ओसरीवर बाया रडायला लागल्या. मग खालून, पाण्याच्या काठावरून, एक म्हातारी कुत्री लंगडत वर आली.

"चिमी," संतोषचा आवाज बदलला. "बाप गेल्यापासनं काठ सोडला नव्हता हिनं."

चिमी आत गेली आणि हेंड्रिकच्या गुडघ्याला टेकून बसली.

जेवण झालं. कौसाबाईने विडा दिला. हेंड्रिक उठले, टोपी सारखी केली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले. त्याबरोबर घरातल्या सगळ्यांनी दाराकडे पाठ केली. ओसरीवरच्यांनीही. शेजारच्या घरांतल्यांनीही. पाडाच्या पाडा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बघायचं नाय, साहेब," संतोष भिंतीला सांगत होता. "हाक बी मारायची नाय. वेशीपातूर जायाचं. थितं पितर सुटतो, मानूस परत येतो."

हेमंतराव शिस्तीचे. त्यांनीही भिंतीकडे तोंड केलं. पण खरेदी विभागातल्या माणसाला माल कुठे चाललाय ते माहीत असावं लागतं.

"वेस कुठे आहे?"

 पाठमोऱ्यानेच संतोषने उताराखाली बोट दाखवलं.

"वेस जुनीच हाय, साहेब. पान्यात."

हेमंतराव वळले. पांढरं धोतर उतार संपवून पाण्यात शिरलं होतं. गुडघ्यापर्यंत. काठावर चिमी उभी होती, शेपटी न हलवता. हेंड्रिक घाई करत नव्हते. पायाखालची वाट रोजची असावी तसे ते चालले होते. मध्येच डावीकडे वळले, जणू तिथे काही आडवं होतं, आणि पुन्हा सरळ झाले.

"थितं चिंच व्हती," पाठमोरी कौसाबाई म्हणाली. तिने पाहिलं नव्हतं.

पाणी कमरेला लागलं. हेमंतरावांना पोहता येत नव्हतं. त्यांना एकच दिसत होतं: आपण चैत्रालीला फोन करतोय आणि तिच्या सासऱ्यांचं काय झालं ते सांगतोय. ते धावत सुटले. चप्पल एकीकडे, चष्मा एकीकडे.

"मिस्टर हेंड्रिक! स्टॉप! प्लीज स्टॉप!"

काही फरक पडला नाही. पाणी छातीला आलं. हेमंतरावांचं इंग्रजी तिथे संपलं.

"अहो व्याही!" ते काठावरून ओरडले. "परत फिरा! माझ्या पोरीकडे बघा! इथं काही राहिलेलं नाही तुमचं! आमच्याकडे चला! घर तुमचंच समजा, हवं तितकं राहा, पण मागं फिरा!"

पाण्यातला माणूस थांबला. खूप वेळ तसाच उभा राहिला. मग वळला. इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं, चष्माही नव्हता, पण तो चेहरा पिठासारखा पांढरा नसून सावळा आहे असं हेमंतरावांना वाटलं. चिमी एकदाच भुंकली. आनंदाने.

हेंड्रिक पाण्याबाहेर आले तेव्हा होते तसे होते. गोरे, ओले आणि किंचित गोंधळलेले. वर सगळ्यांची तोंडं आता इकडे झाली होती. कौसाबाई उतार उतरून आली.

"हाक मारलीत?"

"बुडत होते हो!"

"मानूस बुडला नसता. गळ्याला पानी लागलं की मानूस मागंच फिरतं." तिने कपाळाला हात लावला. "आन काय म्हनून हाक मारलीत? आमच्याकडं चला म्हनून?"

"तसं बोलायची पद्धत असते."

"मंग न्या आता," कौसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मालकीणबाई पाहुण्याच्या पिशवीत उरलेले वडे घालते, तसा तो आवाज होता. तिने खरंच वडेही बांधून दिले.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर हेंड्रिक आणि शलाकाताई होत्या. दोघंच. हेंड्रिक खिडकीला चिकटून बसले होते.

"जरा सरका ना," शलाकाताई दुसऱ्या खिडकीला चेपलेल्या आवाजात म्हणाल्या. मग त्या सगळी वाट काहीच बोलल्या नाहीत. हेमंतरावांच्या संसारात हे पूर्वी घडलं नव्हतं.

सोसायटीत लिफ्ट ओव्हरलोड दाखवून किंचाळायला लागली. तिघंच होते. शलाकाताई बाहेर आल्या, लिफ्ट किंचाळतच होती. हेमंतराव बाहेर आले, तरी तेच. शेवटी हेंड्रिकही बाहेर आले. लिफ्ट गप्प झाली, दार लावून घेतलं आणि रिकामी वर गेली. तिघे धापा टाकत जिन्याने पोचले तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर दार उघडून थांबली होती.

पदू मोकाशी खालून सगळं बघत होता.

"हेमंत," जिन्यातून त्याचा आवाज आला, "अर्जात पाहुणा एकच लिहिलायस तू."

त्या रात्री स्वयंपाकघरात भांडी पडली. सकाळी हेंड्रिकनी फोन तोंडाशी धरला आणि फोनमधली बाई म्हणाली, "आयुष्यात इतकं आपलं म्हणून कुणी मला जेवायला वाढलं नव्हतं. त्या बाईंनी काय सांगितलं ते कळलं नाही, पण सगळं पटलं. लग्नाला माझा होकार आहे."

शलाकाताई रडल्या. हेमंतरावांनी, मान ताठ करून, आपल्या गावात असंच असतं, असं सांगितलं. विमानतळावर पोचवायला गेले तेव्हा त्यांच्या मनात एक शंका आली होती: दोघांतला कोण जाणार आणि कोण राहणार? पण घरी परतल्यावर लिफ्टने निमूटपणे वर नेलं, भांडीही पडली नाहीत.

पंधरा दिवसांनी संतोष कारखान्यात पेढे घेऊन आला. मागल्या दारी आता कुणी उभं राहत नाही. म्हैस दूध द्यायला लागली. कौसाबाई झोपते. चिमी मात्र काठावर नाही, पाड्यातही नाही. कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.

"आईनं एक विचारलंय, साहेब," संतोष कोपऱ्यात घेऊन म्हणाला. "तिकडं मुलूख कसा हाय?"

"सपाट आहे. पुष्कळ ठिकाणी पाणी घरांपेक्षा वर असतं आणि घरं खाली. बांध घालून अडवलेलं."

संतोष पेढ्यांचा पुडा बांधू लागला. हेमंतराव विचारात पडले. जो माणूस बुडालेलं घर सोडायला तयार नव्हता, जो कधी बदलापूरच्या पुढे गेला नव्हता, त्याला पासपोर्टाशिवाय तिकडे पोचवणारे आपण. ही गोष्ट मिरवावी की लपवावी, हे त्यांना ठरवता येईना.

"मंग बरं वाटत आसंल त्याला," संतोष म्हणाला. "फकस्त एक सांगा, म्हनली आई. मीठ जरा जास्ती लागतं त्यांना."

रात्री चैत्रालीचा फोन आला. लग्नाच्या तारखेचं बोलणं झालं. ती खुशीत होती. सासरे बदललेत म्हणाली. पहाटे उठून बांधावर जाऊन उभे राहतात. कुठून तरी एक लंगडी कुत्री त्यांच्या मागे लागलीय, तिला सोबत घेऊन फिरतात.

हेमंतरावांनी जास्त बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण एक गोष्ट बोलणं भाग होतं.

"चैत्राली, त्यांच्या जेवणात मीठ जरा जास्त घालत जा."



"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"